कडब्याला पाल्याची जोड : मेंढ्यांना झाडपाला कोणता, किती आणि कसा द्यावा

माघ सरला की माण, खटाव, आटपाडी, जत, सांगोला या पट्ट्यात माळावरच्या गवताची नुसती काडी उरते. मेंढ्या दिवसभर हिंडतात, संध्याकाळी पोट भरल्यासारखं दिसतं, पण पाठीवरून हात फिरवला की मणके टोचायला लागतात. चारा पोटात जातो, अंगी लागत नाही. याचं कारण कोठीपोटात, म्हणजे मेंढीच्या पहिल्या मोठ्या पोटात आहे.

मेंढीच्या कोठीपोटातले सूक्ष्म जंतू गवत-कडबा पचवतात. त्या जंतूंना जगायला प्रथिनं लागतात. एकूण आहारात सात-आठ टक्क्यांच्या खाली प्रथिनं गेली की जंतू मंदावतात, कडबा पोटात जास्त वेळ पडून राहतो आणि मेंढी पुढचा घास घेत नाही. ज्वारीच्या कडब्यात प्रथिनं जेमतेम तीन-साडेतीन टक्के. म्हणजे नुसत्या कडब्यावर ठेवलेली मेंढी गव्हाणीत चारा असूनही उपाशीच असते. झाडपाला द्यायचा तो ही तूट भरायला. पाला हे मेंढीचं जेवण नाही, जेवण पचवणारी जोड आहे. ही गोष्ट नीट समजली की किती द्यायचा याचा घोळ होत नाही.

हिशोब असा. तीस किलोची दख्खनी मेंढी दिवसाला वाळल्या वजनात साधारण एक किलोपर्यंत चारा खाऊ शकते. तिला ६०० ग्रॅम कडबा दिला तर त्यातून जेमतेम २१ ग्रॅम प्रथिनं मिळतात. त्यात सुबाभूळ-शेवरीचा सुका पाला २५० ग्रॅम घातला, तर त्यातून सुमारे ५० ग्रॅम येतात. एकूण ८५० ग्रॅम चाऱ्यात ७१ ग्रॅम प्रथिनं, म्हणजे आठ टक्क्यांच्या वर. तेवढीच प्रथिनं सरकी पेंडेतून द्यायची तर रोज मेंढीमागे दोनशे-सव्वादोनशे ग्रॅम पेंड लागेल. माडग्याळ मेंढी अंगाने मोठी, तिला याच प्रमाणात वाढवून द्यावं.

ओल्या पाल्यात पाणी सत्तर टक्क्यांच्या आसपास असतं. त्यामुळे २५० ग्रॅम सुक्या पाल्याच्या जागी नुसता ओला पाला ८०० ग्रॅमच्या वर लागतो. तोडून आणलेल्या डहाळीत निम्मं वजन काडीचं, जे मेंढी सोडून देते. म्हणून डहाळ्या मोजायच्या तर मेंढीमागे पावणेदोन किलो, चाळीस मेंढ्यांना सत्तर किलोच्या आसपास. डोळ्यांच्या अंदाजावर जाऊ नये. एकदा भारा काट्यावर घालून बघावा, सुक्या पाल्याचं घमेलं एकदा तोलून आत खूण करून ठेवावी. घमेलं दाबून भरलं की भुरभुरून भरलं, यातच शंभर ग्रॅमचा फरक पडतो.

झाडं कोणती

सुबाभूळ आणि शेवरी ही प्रथिनांची झाडं. वाळल्या वजनात २० ते २५ टक्के प्रथिनं दोन्हींत मिळतात. हादगा आणि गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) ही त्याच तोडीची. बोरीच्या पाल्यात १२ ते १४ टक्के, आणि मेंढीला तो इतका आवडतो की काटे चुकवून ती पान न् पान ओरबाडते. अंजनाच्या पाल्यात प्रथिनं कमी, आठ-दहा टक्के. तरी खानदेश-मराठवाड्याच्या मुरमाड जमिनीत ऐन उन्हाळ्यात हिरवं पान देणारं हे झाड सोडू नये. कडुनिंब कडू आहे. इतर पाल्यात मिसळून मूठभर खातात, त्यावर भिस्त ठेवू नये. वड, पिंपळ, उंबर पोट भरायला बरे.

बाभळीचं खरं दान म्हणजे शेंगा. चैत्र-वैशाखात आकडीने शेंगा पाडायच्या आणि वाळवून, फोडून द्यायच्या. आख्ख्या दिल्या तर बरंचसं बी न पचता लेंडीतून बाहेर पडतं आणि सगळ्यात जास्त प्रथिनं त्या बियांतच असतात. मेंढीमागे दीडशे-दोनशे ग्रॅमवर जाऊ नये.

वेड्या बाभळीचा पाला मेंढी तोंडात घेत नाही. तिच्या पिवळ्या शेंगा गोड असतात, त्यात साखर भरपूर. मात्र त्याच शेंगांवर कळप आठवडेच्या आठवडे राहिला तर पोटात गोळा बसतो, रवंथ थांबतो. भरडून, खुराकाचा पाचवा हिस्सा एवढ्याच वापराव्यात. भरडल्याने आणखी एक फायदा होतो. आख्खं बी लेंडीतून रानभर पसरतं आणि दोन पावसाळ्यांत माळ काट्यांनी भरतो.

सुबाभळीची मर्यादा

सुबाभळीचा प्रसार आपल्याकडे सत्तरच्या दशकात बायफ या संस्थेने मोठ्या प्रमाणावर केला आणि चाऱ्यासाठी ती खरोखर उपयोगाची आहे. पण तिच्या पाल्यात मिमोसीन नावाचं द्रव्य असतं, कोवळ्या शेंड्यात सर्वांत जास्त. त्याचा पहिला परिणाम लोकरीवर दिसतो. पाठीवरून मूठ फिरवली तर लोकरीचे पुंजके मुळासकट हातात येतात, खालची कातडी गुलाबी दिसते. पुढे तोंडातून लाळ गळते, गळ्याखाली गाठ येते, कोकरं अशक्त निपजतात. पोटात मिमोसीन फुटून जे द्रव्य तयार होतं ते गळ्यातल्या ग्रंथीचं काम अडवतं, म्हणून ती गाठ.

यावरचा नियम सोपा आहे. एकूण वाळल्या आहाराच्या तीस टक्क्यांवर सुबाभूळ कधी जाऊ द्यायची नाही. वर सांगितलेले २५० ग्रॅम सगळे सुबाभळीचेच असतील तर आपण काठावर आहोत. म्हणून निम्मी सुबाभूळ, निम्मा शेवरी, बोर किंवा हादगा असं मिसळावं. पैदाशीसाठी कळपात मेंढे सोडण्याच्या काळात आणि गाभणपणाच्या शेवटच्या महिन्यात ती याहूनही कमी करावी. शेंड्यांपेक्षा जून पान बरं, आणि वाळवल्याने मिमोसीन काहीसं कमीही होतं. लोकर गळायला लागलीच तर सुबाभूळ पूर्ण बंद करून दुसरा पाला द्यावा. बहुतेक मेंढ्या सावरतात.

काही देशांत जनावरांना सुबाभूळ बाधत नाही, याचं कोडं ऑस्ट्रेलियाचे शास्त्रज्ञ रेमंड जोन्स यांनी सोडवलं. हवाईतल्या शेळ्यांच्या कोठीपोटात मिमोसिनापासून बनणारं विष फोडणारे जंतू असतात, हे त्यांनी दाखवलं. असे जंतू एका जनावराकडून दुसऱ्याकडे जातात. म्हणून नवी विकत घेतलेली मेंढी सुबाभळीवर एकदम सोडू नये. सवय झालेल्या मेंढ्यांबरोबर, एकाच गव्हाणीला, थोड्या पाल्याने सुरुवात करावी.

सवय लावण्याचे पंधरा दिवस

पाला नवीन असेल तर पहिले तीन-चार दिवस मेंढीमागे शंभर-दीडशे ग्रॅम ओला पाला पुरे. मग दर तीन दिवसांनी तेवढाच वाढवत पंधराव्या दिवशी पूर्ण मापावर यायचं. घाई केली तर पातळ हगवण लागते. त्यात चारा एकदम बदलला की आंत्रविषाराचा, म्हणजे आतड्यात विष तयार होण्याच्या रोगाचा धोका वाढतो, म्हणून त्याची लस राहिली असेल तर आधी टोचून घ्यावी.

गिरिपुष्पाला उग्र वास असतो, मेंढ्या नाक लावून मागे फिरतात. तोडून रात्रभर, म्हणजे बारा-चौदा तास सावलीत पसरून ठेवला की पाला मऊ पडतो आणि वास निवतो. तरीही खात नसतील तर वरून मिठाचं पाणी शिंपडावं. एक सवयीची म्हातारी मेंढी कळपात असेल तर काम सोपं होतं. ती खाते, बाकीच्या बघून खातात. मात्र दोन-तीन दिवस ढिगात पडून बुरशी धरलेलं गिरिपुष्प कोणत्याही जनावराला घालू नये. त्यातल्या वासाच्या द्रव्याचं बुरशीमुळे रक्त पातळ करणारं विष होतं.

पाला द्यायचा कसा, यात शेळी आणि मेंढीत फरक आहे. शेळी मागच्या पायावर उभी राहून खाते, मेंढी मान खाली घालून खाणारी. डहाळ्यांची पेंढी उलटी बांधून अशी टांगावी की तिचं खालचं टोक जमिनीपासून दीड फुटावर राहील. जमिनीवर टाकलेला पाला पायाखाली जातो, लेंडी-मुताने भरतो, आणि मग त्याला कोणी तोंड लावत नाही. लावलं तर जंत पोटात जातात. दहा-बारा किलोची एक पेंढी सहा-सात मेंढ्यांना पुरते. पेंढ्या कमी टांगल्या तर दांडग्या मेंढ्या खातात आणि जिला खरी गरज आहे ती मागे उभी राहते. वाघर, म्हणजे जाळीचं कुंपण, लावून बसणाऱ्या फिरत्या कळपात वाघरीच्या खुंट्यांना चारी बाजूंनी पेंढ्या बांधता येतात, गर्दी फुटते.

वेळ संध्याकाळची धरावी. सकाळी उपाशीपोटी, दव असलेला शेवरी-हादग्याचा कोवळा पाला दिला तर पोट फुगण्याची भीती असते. आधी कडबा किंवा चराई, मग पाला. पोट फुगलंच, डावी कूस ढोलासारखी वाजायला लागली, तर पन्नास मिली शेंगदाण्याचं तेल तोंडाच्या कोपऱ्यातून हळूहळू पाजावं. मान आडवी ठेवायची, वर ताणून धरायची नाही, नाहीतर तेल फुप्फुसात उतरतं आणि त्यानेच मेंढी जाते. अर्ध्या तासात उतार पडला नाही तर पशुवैद्यकाला बोलवावंच.

कोणाला किती

भाकड मेंढीला वर सांगितलेलं माप पुरतं. गाभण मेंढीच्या शेवटच्या सहा आठवड्यांत पोटातलं कोकरू झपाट्याने वाढतं आणि कोठीपोटाला जागा उरत नाही. अशा वेळी ओल्या डहाळ्यांनी पोट भरण्यात अर्थ नाही. सुका पाला ३०० ग्रॅम आणि मक्याचा भरडा दीडशे-दोनशे ग्रॅम द्यावा. पाल्यातून प्रथिनं येतात, पण ताकद धान्यातूनच येते. फलटणच्या निंबकर संस्थेने विकसित केलेल्या नारी सुवर्णासारख्या जुळी देणाऱ्या मेंढ्यांना हे चुकवलं तर मेंढी विण्याआधीच बसते. व्याल्यावर दूध पाजत असताना पाला ३५० ग्रॅमपर्यंत न्यावा, भरडा दोनशे.

कोकरं दोन-तीन आठवड्यांची झाली की पान कुरतडायला लागतात. त्यांच्यासाठी मेंढ्यांना शिरता येणार नाही असा कोपरा करून तिथे बोरीची किंवा शेवरीची कोवळी डहाळी टांगावी. तीन महिन्यांच्या कोकराला पन्नास ते शंभर ग्रॅम सुका पाला पुरे.

झाडपाल्यात चुना भरपूर आणि फॉस्फरस कमी असतो. रोज पन्नास ग्रॅम गव्हाचा कोंडा दिला की ही उणीव बरीच भरते. मीठ रोज पाच-दहा ग्रॅम. खनिज मिश्रण घेताना ते मेंढ्यांसाठीचंच आहे ना, हे पिशवीवर वाचून घ्यावं. गाई-म्हशींच्या मिश्रणातलं तांबं मेंढीच्या यकृतात साठत जातं आणि काही आठवड्यांनी मेंढी कावीळ होऊन, लाल लघवी करत मरते. बाधा पाल्याची समजली जाते आणि दोष असतो मिश्रणाचा.

पाण्याची आबाळ नको. उन्हाळ्यात मेंढीमागे चार-पाच लिटर पाणी धरावं.

तुरट पाला

बाभूळ, जांभूळ, अंजन यांचं पान चावून बघितलं तर जीभ आक्रसते. ते टॅनिन. थोडं टॅनिन चांगलं असतं, त्याने जंतांचा जोर कमी होतो. जास्त झालं की ते प्रथिनांनाच चिकटतं आणि मेंढीला काही मिळत नाही, लेंड्या खडखडीत आणि काळ्या पडतात. तुरट पाला एकूण पाल्याच्या तिसऱ्या हिश्शावर नेऊ नये. पेंड किंवा भरडा द्यायचा तो सकाळी, तुरट पाला संध्याकाळी. दोन्ही एकत्र दिले तर महागड्या पेंडेतली प्रथिनंही अडकून बसतात.

उन्हाळ्यासाठी वाळवून ठेवणं

गवत मुबलक असतं तेव्हा पाला तोडायचा आणि गवत नसतं तेव्हा खाऊ घालायचा. श्रावण ते कार्तिक हा तोडणीचा काळ, त्यातही पाऊस उघडलेले चार दिवस बघून. डहाळ्या सावलीत, वारा खेळेल अशा जागी चार बोटांपेक्षा जाड नाही अशा थरात पसरायच्या. दिवसातून दोनदा उलटायच्या. कडक उन्हात पानाचा हिरवेपणा जातो, जीवनसत्त्व जातं, आणि पान इतकं कुरकुरीत होतं की उचलताना निम्मं मातीत मिळतं. दोन-तीन दिवसांनी पान मुठीत चुरडून बघावं. चुरा झाला आणि कोवळी काडी वाकवल्यावर कट्‌कन मोडली, तर वाळला. काडी नुसतीच वाकत असेल तर अजून एक दिवस. मग ताडपत्रीवर काठीने झोडपून पान खाली पाडायचं, काड्या चुलीला. पोती फळीवर ठेवायची, भिंतीला चिकटवायची नाहीत. पोत्यात हात घातल्यावर ऊब लागली तर लगेच ओतून परत पसरावं, आत बुरशी धरायला लागलेली असते.

शंभर किलो डहाळ्यांतून पंधरा किलोच्या आसपास सुका पाला हाती येतो. चाळीस मेंढ्यांना शंभर दिवस, रोज २५० ग्रॅम, म्हणजे एक हजार किलो सुका पाला. त्यासाठी पावणेसात हजार किलोच्या आसपास डहाळ्या. कोरडवाहू बांधावरच्या एका झुडपाकडून वर्षाला तीन किलो धरल्या तर बावीसशे झुडपं लागतात. फुटाला एक लावलं तर बावीसशे फूट बांध, साधारण सात एकरांच्या चौफेर बांधाइतका. एवढा बांध नसेल तर हिशोब गाभण आणि दुभत्या मेंढ्यांपुरता करावा. सगळ्या कळपाला चिमूटभर देण्यापेक्षा तो शहाणपणा आहे.

लावणी आणि छाटणी

सुबाभळीचं बी टणक. पाणी उकळून खाली उतरवायचं, दोन-तीन मिनिटांनी त्यात बी टाकायचं, चार मिनिटांनी काढून रात्रभर गार पाण्यात. सकाळी फुगलेलं बी घ्यायचं. चाऱ्यासाठी कनिंगहॅम हा झुडपासारखा पसरणारा वाण चांगला. पहिली छाटणी झाड पुरुषभर उंच झाल्यावर, जमिनीपासून अडीच-तीन फुटांवर. पुढे पाणी असेल तर दीड-दोन महिन्यांनी, कोरडवाहूत वर्षातून तीनदा. शेंगा पक्व होण्याआधीच छाटावं, नाहीतर शेजाऱ्याच्या रानातही सुबाभूळ उगवते. शेंडे वळून चिकट, पांढरे दिसले तर तो सायलिड किडा, १९८८ पासून आपल्याकडे आहे. तेवढे शेंडे लवकर छाटून घ्यावेत, फवारणीच्या नादी लागू नये.

शेवरी बी टाकून जूनमध्ये लावली की चार महिन्यांत पाला देते. ती अगदी खालून छाटली तर मरते. तीन फुटांवर छाटावी आणि दोन-चार हिरव्या फांद्या ठेवाव्यात. आयुष्य तीन-चार वर्षांचंच, म्हणून दरवर्षी थोडी नवी लावत जावी. गिरिपुष्प फांदीने लागतं. अंगठ्यापेक्षा जाड, चार फुटांची फांदी पहिल्या पावसात फूटभर खोल गाडावी.

अंजन, बोर, वड अशा मोठ्या झाडांचा घेरा कधीही तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त उतरवू नये, आणि एकाच झाडावर दरवर्षी कोयता चालवू नये. दरवर्षी बोडकं केलेलं झाड पाच-सात वर्षांत वाळतं, आणि अंजनासारखं झाड परत उभं राहायला एक पिढी जाते. वनखात्याच्या हद्दीतल्या झाडाला परवानगीशिवाय हात लावू नये.

काय टाळावं

अंधार पडताना तोडलेल्या भाऱ्यात घाणेरी, कण्हेर किंवा बेशरम मिसळून येते. कण्हेरीची मोजकी पानंही मेंढीचा जीव घेतात. घाणेरीने कावीळ होते आणि उन्हात तोंडाची, कानाची कातडी सोलते. भारा उजेडात बांधावा, एवढीच खबरदारी.

हिवराच्या शेंगा मेंढ्या आवडीने खातात, पण त्याच्या कोवळ्या पाल्यात कोवळ्या ज्वारीसारखंच विष असतं. उपाशी कळप त्यावर सोडला तर मेंढी धापा टाकत, लालभडक हिरड्यांनी काही मिनिटांत पडते. डॉक्टरकडचं सोडियम थायोसल्फेटचं इंजेक्शन वेळेत मिळालं तरच वाचते. कापूस, द्राक्ष, डाळिंबाच्या कडेच्या झाडांवर फवारा उडालेला असतो. फवारणीनंतर तीन आठवडे तिथला पाला नको.

पाला लागू पडतोय का, हे दहा-बारा दिवसांत गव्हाणीतच कळतं. आधी उरणारा कडबा उरेनासा होतो. लेंड्या सुट्या, ओलसर आणि चकचकीत पडायला हव्यात. चिकटून गोळा पडत असेल तर पाला थोडा कमी करावा. महिन्याने पाठीवर बोटं फिरवावीत, मणक्यांवर मांसाचा थर जाणवला पाहिजे.

मृगाचा पाऊस पडून हिरवळ आली की पाला आठवडाभरात उतरवत बंद करावा. उरलेली पोती टाकून देऊ नयेत. आषाढातल्या झडीत कळप बाहेर निघत नाही, वाड्यात भिजलेल्या मेंढ्या उभ्या असतात, तेव्हा सुक्या कडब्यावर दोन मुठी कोरडा पाला मिसळून द्यायला तीच कामी येतात.